दोन नवम्या आणि एक भोकाचा रुपया

नाण्याला भोक पडलं की त्याचं नाणेपण संपतं, असं भागवत सरांनी इतिहासाच्या तासाला खडू आपटून सांगितलं आणि त्याच क्षणी माझं ठरलं. आपण भोकाचीच नाणी जमवायची.

आमच्या नववी ‘ब’मध्ये नाणी जमवणारे खूप आहेत. दिपककडं तर परदेशी नाण्यांची आख्खी बरणी आहे. त्याचा मामा विमानतळावर कामाला आहे आणि दिपकचं बोलणं ऐकलं तर वाटतं, परदेशी माणसं विमानातून उतरली की आधी नाणी सांडतात आणि मग सामान घेतात. त्याच्याशी बरोबरी करणं मला शक्य नव्हतं. माझा मामा डोंगरकड्याला असतो. तिथं विमान उतरत नाही.

म्हणून मी उभी राहिले आणि मुद्दा मांडला. (या वर्षीपासून मी उभं राहून मुद्दा मांडते. आठवीपर्यंत नुसतीच उभी राहायचे.)

“सर, भोक काही सरकारनं पाडलं नाही. कुणीतरी माणसानं पाडलं. चालणाऱ्या पैशाला घरात बसवून भोक का पाडलं असेल? हाच तर इतिहास झाला ना?”

“भोकाला इतिहास नसतो, सपना. खाली बस.”

मी बसले. पण मनातून उभीच होते.

आता एक गोष्ट इथंच स्पष्ट करते, कारण पुढं ती मला आख्ख्या सेनगावला स्पष्ट करावी लागली. इंग्रजांच्या काळात मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा टाकसाळीतूनच निघायचा. तो माझ्या संग्रहात बसत नाही. मला हवं होतं धडधाकट जन्मलेलं आणि नंतर कुणीतरी भोक पाडलेलं नाणं. हा फरक मी आईला समजावून सांगितला, तर आई म्हणाली, “ते काय असेल ते असू दे, पण चारचौघांत सारखं भोक भोक करू नकोस. छिद्र म्हण.” मग शाळेच्या प्रदर्शनासाठी केलेल्या तक्त्यावर ‘सच्छिद्र नाणी’ असं लिहिलं. ते वाचून शेजारचे नेमसिंग काका म्हणाले, “हे तर पावासारखं झालं.” शेवटी बाबांनी तोडगा काढला. बाबा पंचायत समितीत लिपिक आहेत. त्यांनी चष्मा पुसला आणि ‘छिद्रांकित नाणी : एक अभ्यास’ असं सांगितलं. हे ऐकून नाण्यांनाही आपण कुणीतरी आहोत असं वाटलं असेल.

नेमसिंग काकांबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे. काका एसटीत ड्रायव्हर आहेत आणि कॉलनीतलं एकमेव ड्रिल मशीन त्यांच्याकडं आहे. ते आल्यापासून कॉलनीत एकही भिंत सुखरूप राहिली नाही. आमच्या न्हाणीत एवढ्या खुंट्या आहेत की टॉवेल कमी पडतात. तर माझा प्रकल्प कानावर गेल्यावर काका संध्याकाळी मूठभर नाणी घेऊन आले. कोरी करकरीत दहाची, पाचची, आणि प्रत्येकाला गोल गरगरीत भोक. अजून गरम होती.

“घे. कशाला दारोदार फिरायलीस? काय तकलीफ आसंल तर मला सांगायचं.”

बाबा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. “नेमसिंग, हा गुन्हा आहे. सरकारी नाण्याला इजा करणं हा गुन्हा आहे!”

“इजा कुठं केली भाऊ? भोकच तर पाडलंय.”

“मी शासकीय नोकर आहे. माझ्या घरात जखमी नाणी सापडली तर मी काय उत्तर देऊ?”

रात्रीच्या जेवणाआधी बाबांनी ती नाणी रुमालात बांधून मारुतीच्या दानपेटीत टाकली. देवाला अटक होत नाही, असा त्यांचा हिशोब.

खरी नाणी मिळवणं मात्र कठीण होतं, कारण भोकाचं नाणं कधी रिकामं नसतं. ते कुणाच्या तरी अंगावर कामाला असतं. मामाच्या म्हशीच्या गळ्यात एक होतं. ते काढताना म्हशीनं मला उकिरड्यापर्यंत सोबत नेलं. एका बाळाच्या करदोड्यात तांब्याचं होतं. बाळ झोपलंय असं बघून त्याच्या आईनं गाठ सोडायला सुरुवात केली, आणि बाळानं असा सूर लावला की शेजारच्या बायका पदर खोचून आल्या. त्यांना वाटलं, मी बाळाची कंबर चोरायलेय. नेमसिंग काकांच्या आईकडं काचोळीवर, म्हणजे जुन्या बंजारा चोळीवर, रांगेनं नाणी शिवलेली आहेत. मी हात पुढं केला तर म्हणाल्या, “सगळी नगं मागू, माय. कपडा हलका होईल.” मग एक सुटायला आलेलं होतं ते त्यांनी दातानं दोरा तोडून दिलं.

एवढं झालं तरी माझ्या तक्त्याच्या मधोमध जागा रिकामीच होती. तिथं एखादं राजेशाही नाणं हवं होतं. आणि ते आमच्या समोरच्या घरात, गोजरबाई आजींच्या गळ्यात होतं.

गोजरबाई आजी आणि त्यांचे संतराम आबा, दोघंच असतात. काळ्या दोऱ्यात निजामाच्या वेळचा चांदीचा हाली रुपया. त्यावर चारमिनार, आणि चारमिनारच्या बरोबर डोक्यावर भोक. घासून घासून मिनार इतके गुळगुळीत झालेले की चार आहेत हे माहीत असेल तरच चार दिसावेत.

“आजी, गळ्यातलं बघू द्या की.”

“काहून? नजर लावायलीस व्हय?”

“प्रदर्शनाला द्याल का? शाळेत नंबर आला तर हिंगोलीला जाईल.”

आजी रुपया अंगठ्यानं चोळत राहिल्या. “जपशील?”

“जिवापाड.”

“सवत हाय माही,” आजी म्हणाल्या.

मी हसले. यात माझी चूक काय ते तुम्हीच सांगा. गोजरबाई आजी सगळ्यालाच सवत म्हणतात. आबा टीव्हीसमोर बसतात म्हणून टीव्ही थोरली सवत. मोबाइल धाकटी सवत. मध्ये आबांनी एक रेडिओ दुरुस्त करून आणला तर त्याला ‘माहेराहून परत आलेली’ म्हणायच्या. मग गळ्यातल्या रुपयाला सवत म्हटलं, तर कुठल्या शहाण्या मुलीला त्यात विशेष काही वाटेल?

“हिनं कदी हिंगोली बघली न्हाई म्हणतेत,” आजींनी दोरा डोक्यावरून काढला. “जाऊ दे हिला बी. पर एक ध्यानात ठेव. नवमीला मला घरी पायजे. नवमीला न्हाई आली तर बराबर व्हनार न्हाई.”

“पक्कं, आजी. नवमीला.”

नवमी म्हणजे खंडेनवमी, हे कुणीही सांगेल. दसऱ्याच्या आदला दिवस. त्या दिवशी आबा विळा, कुदळ, मोटारसायकल सगळं पुजतात, तर हा रुपयाही पुजत असतील. प्रदर्शन होतं पितृपक्षात. म्हणजे मध्ये भरपूर दिवस. मी निवांत झाले. रुपयानं हिंगोली बघितली नाही, हे वाक्य तर मला इतकं आवडलं की घरी येऊन मी ते लाल शाईनं तक्त्यावर लिहिलं. त्याखाली माहिती लिहिली : ‘हाली रुपया. चांदी. भोकाचे कारण : अज्ञात.’

शाळेत माझा पहिला नंबर आला. दिपकची बरणी दुसरी. भागवत सर मुख्याध्यापकांना म्हणाले, “भोकाला इतिहास असतो हे मी मुलांना पहिल्यापासून सांगत आलोय.” मोठ्या मनाची माणसं अशा वेळी बुटाकडं बघतात.

हिंगोलीच्या जिल्हा प्रदर्शनासाठी नेमसिंग काकांनी काचेचं झाकण असलेली लाकडी पेटी करून दिली आणि तिला इतके स्क्रू मारले की आत नाणी आहेत की वाघ, असा प्रश्न पडावा. आदल्या दिवशी सरांनी ती जमा केली. तिथल्या लोकांनी वरून कागदी सील चिकटवलं, शिक्का मारला आणि पेटी क्रमांकानिशी दालनात ठेवली.

त्याच दिवशी संध्याकाळी गोजरबाई आजी आमच्या दारात आल्या. हातात हरभऱ्याच्या डाळीचं पातेलं होतं.

“सपने, दे गं. उद्या नवमी.”

“आजी, नवमीला अजून पंधरा दिवस आहेत.”

“येडी का खुळी? ती खंडेनवमी. उद्या अहेव नवमी हाय. पितरपाटातली.”

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचा चेहरा बघून मला कळलं की काहीतरी भयंकर झालंय आणि ते मी केलंय. नवरा असताना जी बाई जाते, तिची ही नवमी. त्या दिवशी तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात.

“पण मग रुपयाचा काय संबंध?” मी विचारलं.

“रुपया काय रुपया करायलीस? सोजराबाई हाय ती! आबांची पैली. माह्या आधीची. बाळंतपणात गेली. मी लगीन होऊन आले तवा सासूनं ह्या रुपयाला भोक पाडून माह्या गळ्यात घातला. देवघरात ठिवायला तिच्या नावाचा चांदीचा टाक घडवायला येळ कुठं व्हता? म्हनली, ही तुही थोरली, हिला इचारल्याबिगर घास घ्यायचा न्हाई. तवापासून घेतला न्हाई. सांगितलं व्हतं न्हवं तुला, सवत हाय म्हनून?”

मी पाटावर बसले. म्हणजे आपोआपच बसले. मी गोजरबाई आजींच्या सवतीला लाल मखमलीवर दोऱ्यानं टाचलं होतं. तिच्या डाव्या बाजूला मामाच्या म्हशीचं नाणं लावलं होतं. आणि खाली लिहिलं होतं, कारण अज्ञात.

“कुठं हाय ती?” आजींनी विचारलं.

“हिंगोलीला,” मी म्हणाले. “सीलबंद.”

मग आमच्या ओसरीवर बैठक भरली. नेमसिंग काका म्हणाले, “बाजारातून दुसरा रुपया आणू, मी आत्ता भोक पाडतो, कुनाला कळनार हाय?” आजी म्हणाल्या, “तिला कळंल.” संतराम आबा दारातूनच ओरडून गेले, “मला आदी सांगा, उद्या जेवायचं कवा?” अहेव नवमीला सोजराबाईंना नैवेद्य दाखवल्याशिवाय आबांना जेवता येत नाही आणि आबांना भूक सहन होत नाही. दोन्ही जुनेच नियम आहेत.

बाबा मात्र शांत होते. कागदाचा प्रश्न आला की बाबा शांत होतात. त्यांनी अर्ज लिहिला. विषय : ‘सोजराबाई तात्काळ ताब्यात मिळणेबाबत.’ खाली ‘मार्फत : मुख्याध्यापक’. “योग्य मार्गानं गेलं तर कुणी नाही म्हणू शकत नाही,” बाबा म्हणाले.

“किती दिवस लागतील?” आईनं विचारलं.

“ते मार्गावर अवलंबून आहे.”

आजी उठल्या. त्यांनी पातेलं कमरेवर घेतलं. “ती येत न्हाई तर आपन जाऊ तिच्याकडं. पोळ्या मी सकाळी करते. सपने, तू संग चल. तूच धाडलीस तिला.”

“पण सवाष्ण?” आई म्हणाली. दर वर्षी आईच सवाष्ण म्हणून बसते, पण दुसऱ्या दिवशी तिच्या बचत गटाचे साहेब यायचे होते.

“हिंगोलीत काय सवाष्णी न्हाईत व्हय?”

सकाळच्या जीपनं आम्ही निघालो. आजींच्या मांडीवर पुरणाच्या पोळ्यांचा डबा, माझ्या मांडीवर कटाची आमटी, आणि पायांत तुपाचा तांब्या, दुधाचा पेला, पाट, हिरवा खण. प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं. पितृपक्षात मंगल कार्यालयं रिकामी असतात, आणि शिक्षण खातं हे बरोबर हेरतं. दारात भागवत सर नवीन शर्ट घालून उभे होते. मला बघताच त्यांनी बाजूला ओढलं.

“सपना, ऐक. परीक्षक मॅडम तुझ्या पेटीपाशी दोनदा येऊन गेल्या. दोनदा! आपला पहिला नंबर आहे. तू फक्त नीट उभी राहा. ही पिशवी कसली? आणि या आजी कोण?”

मी सांगितलं. सर भिंतीला टेकले. “पेटी उघडता येणार नाही. बक्षीस वाटप सोमवारी. तोपर्यंत एकही वस्तू बाहेर जाणार नाही, असा नियम आहे.”

आजी तोवर पेटीपाशी पोचल्या होत्या. काचेवर हात ठेवून त्या वाकून बघत होत्या. “काय गं, बरी हायेस का?” त्यांनी विचारलं. मग माझ्याकडं वळल्या. “काचंवरूनच न्हाऊ घालू व्हय हिला?”

मी संयोजकांकडं गेले. छातीवर मोठा बिल्ला आणि हातात माइक, अशी त्यांची तयारी होती. बाबांचा अर्ज मी दोन्ही हातांनी दिला. त्यांनी फक्त विषय वाचला. सरकारी माणसं विषयाच्या खाली उतरत नाहीत.

“सोजराबाई कोण? कोणत्या शाळेची?”

“शाळेची नाही सर, ती…”

“कधीपासून नाही?”

“काल जमा केली तेव्हापासून, पण…”

त्यांच्या कपाळावर घाम आला. मी पुढचं बोलायच्या आत माइक तोंडाशी गेला. “एक महत्त्वाची सूचना! सेनगावची सोजराबाई नावाची विद्यार्थिनी कालपासून सापडत नाहीये. सोजराबाई, बाळा, तू जिथं असशील तिथून स्टेजजवळ ये. घाबरू नको. तुझ्या घरचे आलेले आहेत.”

भोंग्यातून ते नाव दोन-तीनदा घुमलं. गोजरबाई आजींनी झटकन पदर डोक्यावरून पुढं ओढला, मोठ्या माणसाच्या समोर ओढतात तसा. त्यांचे डोळे भरून आले होते की त्या हसत होत्या, हे मला तेव्हाही कळलं नाही.

सोजराबाई म्हणजे एक रुपया आहे हे समजल्यावर संयोजक माझ्यावर एवढे चिडले की त्यांनी भिंतीवरचा नियमांचा फलकच दाखवला. “वाच! मोठ्यानं वाच!”

मी वाचलं. मोठ्यानंच वाचलं. पेटीला हात लावू नये. सील तोडू नये. कोणतीही वस्तू बक्षीस वितरणापर्यंत नेता येणार नाही. आणि अगदी खाली, बारीक अक्षरांत : ‘परीक्षकांस खाद्यपदार्थ अथवा भेटवस्तू देणारा स्पर्धक अपात्र ठरेल व त्याने आपले साहित्य तात्काळ दालनाबाहेर न्यावे.’

तात्काळ. दालनाबाहेर. न्यावे.

मी ते वाक्य मनात पुन्हा वाचलं. कारण त्याच वेळी निता मॅडम, म्हणजे परीक्षक मॅडम, तिसऱ्यांदा माझ्या पेटीपाशी येत होत्या. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. परभणीहून पहाटेच निघाल्या असाव्यात, कारण त्यांचं लक्ष नाण्यांवर होतं पण नाक आमच्या डब्याकडं वळलं होतं.

“हे ‘कारण अज्ञात’ असं का लिहिलंस?” त्यांनी मला विचारलं.

“आता माहीत झालंय, मॅडम,” मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. सासू, घाईचं लग्न, भोक, पहिला घास. मॅडमनी चष्मा काढला. मग आजींकडं बघितलं.

मागं भागवत सर खुणेनं मला सांगत होते की झालं, झालं, जिंकलो. दिपकची बरणी दोन टेबलं सोडून होती. निवड तिचीही झाली होती. तिच्याकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं. हे दृश्य मी सहावीपासून मनात रंगवत आलेय आणि ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. म्हणून सांगते, पुढचं करायला मला अजिबात मजा वाटली नाही.

मी पाट मांडला. पत्रावळ टाकली. पोळी वाढली. आणि या वर्षीच्या माझ्या सगळ्यात खणखणीत आवाजात म्हणाले, “मॅडम, आज अहेव नवमी. तुम्ही आमच्या सवाष्ण. मी स्पर्धक सपना, सेनगाव, परीक्षकांना सगळ्यांच्या देखत जेवू घालायलेय!”

दालन वळलं. भागवत सरांच्या तोंडातून ‘अ’ एवढंच बाहेर पडलं.

मॅडमनी फलकाकडं बघितलं, पेटीकडं बघितलं. हुशार बाई. त्या माझ्या कानाशी वाकल्या. “पोरी, मी पहिला नंबर लिहून ठेवलाय. तुझा. कळतंय का तुला काय करतेस?”

“कळतंय, मॅडम,” मी म्हणाले. “तूप घ्या.”

आजी हात जोडून उभ्या होत्या. “बसा माय. आजच्या दिवशी सवाष्णीनं न्हाई म्हनू न्हाई.”

मॅडम बसल्या. पहिला घास मोडला. तो तोंडात गेला आणि संयोजक माइकसकट धावत आले. “मॅडम, तुम्ही काय करताय? नियम…”

“नियमाप्रमाणंच चाललंय,” मॅडम घास चावत म्हणाल्या. “स्पर्धकाला अपात्र करा. साहित्य तात्काळ बाहेर द्या. माझी सही घ्या, हात धुतल्यावर. आणि परीक्षक म्हणून माझ्या जागी दुसरं कुणी बघा.”

सील फाटलं. स्क्रू काढायला मात्र वेळ लागला, कारण नेमसिंग काकांनी मारलेला स्क्रू सहजासहजी माणसांत येत नाही. मी दातानं दोरा तोडला. आजींनी बाहेरच्या पायरीवर पाट ठेवला, दुधापाण्यानं रुपया धुतला, हळद-कुंकू लावलं, खण टेकवला, नैवेद्य दाखवला. मग फोन करून म्हणाल्या, “जेवा आता,” आणि पलीकडून आबांचं ताट सरकवल्याचा आवाज मला इकडं ऐकू आला. मॅडमनी पायरीवर येऊन उरलेलं जेवण केलं. तिसरी पोळी त्यांनी स्वतःहून मागितली. भागवत सर “भोकानं घात केला, भोकानं घात केला” असं पुटपुटत एका कोपऱ्यात बसले होते. आजींनी त्यांच्या पुढ्यातही पत्रावळ ठेवली. दुःखात माणूस किती आमटी पिऊ शकतो हे मी त्या दिवशी बघितलं.

आत घोषणा झाली. “सेनगावच्या स्पर्धक कुमारी सपना यांना अपात्र घोषित करण्यात येत आहे!” पण तो माइक सकाळपासून खरखरत होता. त्यानं नेमका ‘अ’ गिळला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आजीही वाजवू लागल्या.

“तुहं नाव घेतलं न्हवं?”

“व्हय, आजी.”

“आला म्हन की नंबर!”

“व्हय, आजी,” मी म्हणाले आणि मान दुसरीकडं वळवली. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. एवढा मोठा त्याग करायचा आणि कुणाला कळूही द्यायचं नाही, असं मोठ्या माणसांच्या चरित्रातच असतं. मी मनात चरित्राचं पहिलं पान सुरूही केलं होतं.

परतीच्या जीपमध्ये मधल्या शिटावर आम्ही दोघीच होतो. आजींनी ते चरित्र मागच्या शिटावरच्या बाईला अर्ध्या रस्त्याच्या आतच सांगून टाकलं. “ह्या पोरीचा जिल्ह्यात पैला नंबर येऊन राहिला व्हता. माह्या थोरलीपायी सोडला हिनं.”

मी दचकले. “आजी! तुम्हाला कसं कळलं?”

“तुह्या मास्तराचं तोंड बघितलं की. नंबर आलेल्या मास्तराचं तोंड आसं आसतं व्हय?”

लगेच जीपमधल्या सगळ्यांना बोलायचं होतं. एक जण म्हणाला, “पोरीनं आदी नंबर घ्यायचा, मंग जेवू घालायचं व्हतं.” दुसरा म्हणाला, “कोर्टात जा.” मागच्या बाईनं विचारलं, “मेलेल्या सवतीपायी यवढा खटाटोप काहून करायचा वं, म्हातारे?” आजींनी दोरा नीट गळ्यात घातला आणि रुपया पोलक्याच्या आत सरकवला.

पुढच्या फाट्यावर आणखी माणसं जीपपाशी धावत आली. ड्रायव्हरनं मान मागं केली.

“मधल्या शिटावर किती जणी हाव?”

“तिघी,” आजी म्हणाल्या.

ड्रायव्हरनं आरशात बघितलं. पुन्हा बघितलं. मग आजींच्या तोंडाकडं बघून त्यानं गिअर टाकला.

मी खिडकीकडं थोडी सरकले.